हातावरचे केस कापणारा वस्तरा दाढीला का ओढतो?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आजोबांचा, जर्मनीतल्या झोलिंगेन गावी बनलेला, १६ मिलिमीटर रुंद पात्याचा वस्तरा आपल्याला मिळाला. एका बाजूस १००० आणि दुसऱ्या बाजूस ६००० ग्रिट (हा आकडा जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक) असलेला जोडदगड आणून आपण त्याला धार लावली आणि नंतर कमरेच्या जुन्या पट्ट्यावर तो बराच वेळ फिरवला. आता तो हातावरचे केस सहज कापतो, पण गालावर केस ओढले जातात आणि दाढीनंतर मान दिवसभर चरचरते. यावर उपाय म्हणून १२००० ग्रिटचा दगड घ्यावा का, हा आपला प्रश्न आहे.

जुने वस्तरे दुरुस्त करून त्यांना धार लावून देण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करत आलो आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या वस्तऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार हीच असते. माझा सल्ला असा की तो महाग दगड इतक्यात घेऊ नये. आपल्या वस्तऱ्याचे काम बहुधा १००० ग्रिटच्या दगडावरच अपुरे राहिले आहे, आणि तेथे राहिलेली उणीव पुढचा कोणताही दगड भरून काढत नाही. अर्थात पाते हातात घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पोलाद किती कठीण आहे, पात्याची झीज किती झाली आहे, धारेपाशी गंज किती खोल गेला आहे, आपली दाढी किती राठ आहे आणि कातडी किती नाजूक आहे, यांवर बरेच अवलंबून असते. शिवाय आपल्या दोन तक्रारींची कारणे एकच असतील असे नाही. केस ओढला जाणे म्हणजे धार त्याला एका झटक्यात कापत नाही, तर कातडीचे चरचरणे हे पुष्कळदा धारेच्या कडेवर राहिलेल्या खडबडीतपणाचे किंवा हाताने दिलेल्या दाबाचे लक्षण असते. म्हणून आधी पहिल्या तक्रारीचा विचार करू.

वस्तऱ्याची घडण मोठी सोयीची आहे. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो पाठीच्या जाडीतूनच मिळतो. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार अशा दोनच ठिकाणी ते टेकते आणि कोन आपोआप ठरतो. हा कोन ढोबळमानाने काढायचा असेल तर व्हर्निअर कॅलिपरने पाठीची जाडी मोजावी, तिला पाठीपासून धारेपर्यंतच्या रुंदीने भागावे आणि येणाऱ्या आकड्याला ५७ने गुणावे. आपले पाते १६ मिलिमीटरचे आहे, पाठ ४.७ मिलिमीटर असेल तर कोन जवळजवळ १७ अंश येतो, आणि दाढीच्या वस्तऱ्याला तो उत्तम समजला जातो. जुन्या वस्तऱ्यांची पाठ वर्षानुवर्षे दगडावर घासून सपाट आणि पातळ झालेली असते. त्यामुळे कोन १५ अंशांच्या खाली गेला असेल तर धार कितीही बारीक झाली तरी ती टिकत नाही, तिचे सूक्ष्म टवके उडत राहतात. अशा वेळी पाठीवर विजेच्या कामाच्या इन्सुलेशन टेपचा एक थर लावावा. सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीच्या टेपने कोन साधारण एका अंशाने वाढतो आणि पाठीची आणखी झीजही थांबते. टेप लावायचा ठरवला तर तो सर्व दगडांवर ठेवावा आणि दगड बदलताना नवा लावावा, कारण मधेच काढला की कोन बदलतो आणि पुढचा दगड धारेपर्यंत पोहोचतच नाही.

आता मुख्य मुद्दा. धारेच्या दोन्ही अंगांना एक अरुंद, चकचकीत पट्टी दिसते. तिला बेव्हल म्हणतात. दोन्ही बाजूंच्या या पट्ट्या पात्याच्या टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या भागापासून, टोकापर्यंत सलगपणे एका रेषेत मिळाल्या तरच धार तयार होते. त्या कोठे कोठे मिळाल्या आणि कोठे कोठे केसभर दूर राहिल्या, तर आपल्याकडे झाले आहे तसे होते. हातावरचा केस बारीक असतो आणि त्याला कापायला पात्याचा एखादा सेंटिमीटर चांगला असला तरी पुरतो. दाढीचा केस जाड असतो, कातडीतून तिरका निघतो आणि गालावरून वस्तरा ओढताना पात्याच्या प्रत्येक भागाची गाठ त्याच्याशी पडते. म्हणून हातावरच्या केसांची परीक्षा घेतली तरी ती कोठे, केव्हा आणि कशी घेतली यावर तिचा अर्थ ठरतो.

मी ती परीक्षा अशी घेतो. काम सुरू करण्यापूर्वी काचेच्या पेल्याच्या गुळगुळीत बुडावरून धार एकदा, केवळ पात्याच्या वजनाने, हलकेच ओढून मुद्दाम बोथट करावी. नवशिक्याला हे करायला मन धजत नाही, परंतु याचा फायदा मोठा आहे. अशा पात्याने हातावरचा एकही केस कापला जात नाही, त्यामुळे १००० ग्रिटवर काम करताना पुढे जेव्हा केस कापले जाऊ लागतात, तेव्हा ती धार आत्ताच, याच दगडावर तयार झाली आहे याबद्दल शंका उरत नाही. मग टाच, मध्य आणि टोक या तिन्ही ठिकाणी, पात्याच्या दोन्ही बाजूंनी, कातडीलगत आणि अजिबात जोर न लावता केस कापले गेले पाहिजेत. एकही भाग मागे असेल तर १००० सोडायचा नाही. बेव्हल बसायला जुन्या वस्तऱ्याला दहा मिनिटे लागू शकतात आणि दोन तासही लागू शकतात. येथे वेळेचा किंवा फेऱ्यांचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही.

यासोबत आणखी दोन तपासण्या कराव्यात. एक म्हणजे बेव्हलवर दोन्ही बाजूंनी मार्कर पेनची शाई लावून दगडावर दोन-तीनदा पाते फिरवावे. शाई जेथे तशीच राहील तेथे दगड पोहोचत नाही, आणि धारेच्या अगदी कडेला शाईची बारीक रेघ राहिली असेल तर दोष तेथेच आहे. दुसरी म्हणजे धार वर करून ती प्रखर दिव्याखाली डोळ्यांसमोर धरावी. पूर्ण मिळालेली धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवण्याइतकी रुंदी तिच्यात नसते. कोठे पांढरा ठिपका किंवा रेष चमकली, तर तेवढा भाग बोथट आहे असे समजावे. दहा पटींचे भिंग असेल तर काम आणखी सोपे होते. अंगठ्याच्या नखावर धार घासून पाहण्याची जुनी रीत मी शिफारस करत नाही. तिने माहिती मिळते, पण चांगल्या धारेचे त्यात नुकसान होते.

दाबाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सुरी पाजळण्याची सवय असलेले हात येथे फसतात. आपल्या वस्तऱ्याच्या पात्याचे पोट दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेले आहे असे आपल्या वर्णनावरून दिसते. असे पाते दाबले की दगडावर वाकते, धारेची कड किंचित उचलली जाते आणि घर्षण तिच्या मागच्या भागावर होते. म्हणजे बेव्हल रुंद होत जातो आणि धार आहे तेथेच राहते. म्हणून १००० ग्रिटवर सुरुवातीला बोटाचा अल्पसा भार चालेल, पण बेव्हल मिळत आल्यावर पात्याचे स्वतःचे वजन पुरे. पाठ आणि धार दोन्ही सतत दगडावर टेकलेल्या असाव्यात, पाते धारेच्या दिशेने पुढे न्यावे आणि परतताना ते पाठीवरून उलटावे, धारेवरून कधीही नाही. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर पुढे सरकवतानाच पाते टाचेकडून टोकाकडे तिरके ओढत न्यावे, म्हणजे सर्व लांबीवर सारखे काम होते. आजोबांच्या काळातल्या पुष्कळ वस्तऱ्यांची धार मुळातच किंचित बाहेर फुगलेली असते. तशी असल्यास ती सरळ करण्याचा खटाटोप करू नये, हीच तिरकी चाल तिला मानवते.

दगड सपाट असणे ही पूर्वअट आहे, आणि नवा विकत घेतलेला दगडही सपाट असेलच असे नाही. त्यावर शिसपेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड काचेवर २२० किंवा ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासावा. मधल्या रेघा राहिल्या तर दगडाला खड्डा आहे. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या लावण्याचा कार्बोरंडमचा दगड मात्र वस्तऱ्याजवळ आणू नये, तो या कामासाठी फार भरड असतो.

येथपर्यंतचे काम नीट झाले असेल तर पुढचे दगड फारसा त्रास देत नाहीत. जपानी मानकानुसार १००० ग्रिटचा कण सुमारे ११.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४०००चा ३ मायक्रॉनचा आणि ८०००चा १.२ मायक्रॉनचा असतो. पुढच्या प्रत्येक दगडाने मागच्या दगडाचे ओरखडे पूर्णपणे पुसायचे असतात. आपल्या दगडात १००० वरून थेट ६००० अशी मोठी उडी आहे. ती घेता येत नाही असे नाही, पण ६०००वर फार वेळ काम करावे लागते आणि बहुतेकांचा धीर त्याआधी सुटतो. मग भरड ओरखडे धारेच्या कडेपर्यंत पोहोचलेले राहतात आणि तेथे तिला सूक्ष्म दात फुटतात. पूर्वी अमेरिकेतल्या अर्कान्सॉचा दगड, बेल्जियमच्या आर्देन भागात मिळणारा, गार्नेटचे कण असलेला पिवळसर कोटिक्युल किंवा जर्मनीतल्या थुरिंगियाचा स्लेटसारखा दगड यांवर वस्तऱ्याचे शेवटचे काम होत असे आणि शौकीन लोक आजही ते वापरतात. नैसर्गिक दगडांना ग्रिटचा ठरीव आकडा नसतो, एकाच खाणीतले दोन दगड वेगळे वागतात, म्हणून शिकताना मी त्यांच्या वाटेला जाऊ देत नाही.

आता चरचरण्याकडे येतो. दाढीनंतर ओल्या कातडीवर तुरटी फिरवून पाहावी. ती एखाद्याच जागी, समजा जबड्याच्या कोपऱ्यावर किंवा गळ्याच्या घाटीजवळ झोंबली, तर तेथे आपल्या हाताचा कोन किंवा दाब चुकला आहे. गाल आणि मान सगळीकडेच सारखी झोंबली, तर धारेकडे पाहावे. बारीक दगडावर गरजेपेक्षा अधिक वेळ किंवा अधिक दाबाने पाते फिरवले की धारेच्या कडेला पातळ पत्र्यासारखी एक उलटलेली कड तयार होते. ती हातावरचे केस सुंदर कापते, पहिल्या गालावरही बरी चालते, आणि मग तुटू लागून कातडी खरवडते. आपण ६०००वर दाब दिला असेल तर हे संभवनीय आहे. शेवटच्या दहा-पंधरा फेऱ्या एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, पाण्याखाली आणि जवळजवळ भारहीन हाताने दिल्या तर ही कड निघून जाते. तरीही राहिली तर धार पुन्हा काचेवरून हलकेच ओढून ६०००पासून नव्याने आणणे हे पट्ट्यावर तासभर घालवण्यापेक्षा बरे.

पट्ट्यासंबंधी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे, आणि त्याला आपल्या जुन्या न्हाव्यांच्या सफाईदार हाताचाही थोडा हातभार लागला असावा. धोकटीतून वस्तरा काढून चार-सहा वेळा पट्ट्यावर सटासट मारला की तो चालू लागतो, असे लहानपणी सगळ्यांनी पाहिले किंवा ऐकलेले असते. परंतु तो वस्तरा आधीच निसण्यावर नीट लावलेला असे. नुसते चामडे पोलाद जवळजवळ कापत नाही. वापराने किंचित वाकलेली धारेची कड ते पुन्हा रेषेत आणते आणि तिला घोटून स्वच्छ करते. बोथट धार चामड्यावर तीक्ष्ण होत नाही.

शिवाय कमरेचा पट्टा या कामाला बहुधा योग्य नसतो. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्यांवर रंगाचा आणि प्लास्टिकचा थर असतो, कडेला शिवण असते आणि मधे छाप उठवलेली असते. त्यातच तो सैल धरला तर चामडे धारेभोवती वळते आणि कड गोल होते. ६०००वर जे कमावले असेल ते येथे गमावले गेले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. सहा-सात सेंटिमीटर रुंद, गुळगुळीत पृष्ठाचा, न रंगवलेला पट्टा घ्यावा. कोल्हापुरी वहाणांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे महाराष्ट्रात मिळते. त्याची सपाट, डाग नसलेली पट्टी मिळाली तर ती सरळ रंधलेल्या लाकडी फळीवर चिकटवून उत्तम साधन तयार होते. फळीवरच्या चामड्याला झोळ पडत नाही, म्हणून नवशिक्याला मी टांगत्या पट्ट्याऐवजी हेच सुचवतो.

पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने पुढे न्यायचे, म्हणजे दगडाच्या बरोबर उलट. पट्ट्याच्या टोकाला पोहोचल्यावर आधी थांबावे, पाठ न उचलता पाते तिच्यावरच उलटावे आणि मग परतावे. वेग वाढवण्याचा मोह टाळावा, कारण चामड्यावर पडणारे बहुतेक काप उलटताना घाई केल्यामुळेच पडतात. दाढीपूर्वी जाड सुती कापडावर वीसेक फेऱ्या आणि चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेशा होतात. खर्च करायचाच असेल तर १२०००च्या दगडाआधी क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड किंवा पेस्ट घ्यावी. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण असलेली शुद्ध पूड वेगळ्या कापडी पट्टीवर अगदी पातळ चोळून तिच्यावर दहा-बारा फेऱ्या दिल्या तर ६०००ची धारसुद्धा चेहऱ्याला पुष्कळ सौम्य लागते. ती पट्टी आणि साधे चामडे यांची मिसळ होऊ देऊ नये, आणि पूड पुनःपुन्हा वापरून दगड टाळूही नये, कारण अतिवापराने कड हळूहळू गोलावते.

धार ठीक असूनही दाढी वाईट होऊ शकते, म्हणून दोन गोष्टी चेहऱ्याबद्दल. पाठ कातडीपासून तिच्या जाडीच्या दीड-दोन पट वर असावी, म्हणजे कोन साधारण तीस अंशांच्या आसपास राहतो. सलूनमधल्या अर्धे ब्लेड बसवायच्या वस्तऱ्याची सवय असलेले लोक याहून उभा कोन धरतात आणि मग खरवडल्यासारखे होते. दुसरे म्हणजे केस कोमट पाण्याने आणि फेसाने दोन-तीन मिनिटे भिजू द्यावा आणि कातडी ताणून धरावी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले होते की पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असूनही दाढीत ब्लेडच्या धारेचे टवके उडतात, आणि ते विशेषतः केस वाकून धारेवर आडवा भार देतो तेव्हा, पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसलेल्या जागी उडतात. तो अभ्यास फेकून द्यायच्या ब्लेडवर झाला होता, परंतु ओला, ताणलेल्या कातडीत उभा राहिलेला केस धारेला कमी त्रास देतो हा आमच्या कामातला अनुभव त्याच्याशी जुळतो.

आपण रत्नागिरीचे असल्याने गंजाचा विषय सोडता येत नाही. हे जुने पाते साध्या कार्बन पोलादाचे असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात ते एका रात्रीत धारेवर गंज धरू शकते, आणि त्यानंतर सकाळी केस का ओढतो याचे कारण दगडात शोधून सापडत नाही. दाढीनंतर पाते पुसावे, कोरड्या कापडी पट्टीवर चार-सहा फेऱ्या द्याव्यात आणि शिलाईमशीनच्या तेलाचा थेंब बोटाने पसरवावा. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होते. न्हाणीघरात वस्तरा ठेवू नये. आणि तो दुसऱ्या कोणालाही वापरू देऊ नये, कारण रक्तातून पसरणारे हिपॅटायटिससारखे आजार अशा सामायिक वापरातून होऊ शकतात.

तेव्हा या रविवारी दगड सपाट करून, धार काचेवर बोथट करून १०००वर नव्याने सुरुवात करावी. टाचेजवळ काळे ठिपके आहेत असे आपण लिहिले आहे, ते भिंगाने आधी पाहावेत. ठिपके धारेपासून दूर असतील तर त्यांचा दाढीशी संबंध नाही. ते कडेला भिडलेले असतील, तर तेथले पोलाद खड्ड्यांच्या पलीकडे घासून जाईपर्यंत १०००वर बेव्हल मागे न्यावा लागेल, आणि हे एक मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर ते काम घरच्या दगडावर न करता वस्तरा दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवावा. बेव्हल मिळाल्यावर आणि पट्टा बदलल्यावरही ६०००ची धार कातडीला राठ वाटली, तर ८०००चा दगड घ्यावा. पुष्कळ लोक वर्षानुवर्षे त्याच्यावरच थांबून समाधानाने दाढी करतात.